तोलेगेनचं खातं

माणूस कंपनी सोडून गेला की चोवीस तासांत त्याचं खातं बंद करायचं, हा नियम मीच लिहिला. तीन ओळींचा आहे. खाली माझी सही: राउशान, संगणक व सुरक्षा विभागप्रमुख. विभाग म्हणजे मी आणि एक प्रिंटर. आमची कंपनी शहराला ऊब पुरवते. बॉयलरमध्ये पाणी तापवायचं आणि पंपांनी घराघरांत फिरवायचं. उणे पस्तीसच्या थंडीत हे काम थांबून चालत नाही.

डिसेंबरात आमचे मुख्य ऑपरेटर तोलेगेन आगा हृदयविकाराने गेले. मी घरी भेटायला गेले, तर त्यांच्या बायकोने, कुल्याश आपांनी, माझा हात धरला. आपा आमच्याच कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करतात.

"पोरी, तुमच्या कॉम्प्युटरवर त्याचं नाव दिसतं अजून?"

"दिसतं, आपा. आज काढायचंय."

"चाळिसावा होईपर्यंत राहू दे गं. इकडे मी चाळीस दिवस दिवा विझू देत नाही, आणि तिकडे तू त्याला पुसून टाकणार? तुमची बायान सांगत होती, सकाळी कामावर आलं की सगळे त्याला सलाम लिहितात."

नवरा गेलेल्या बाईला तिच्याच घरात नाही म्हणायची आमच्याकडे कुणाची टाप नाही. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. फार मोठ्या मनाची असल्यासारखं. नाव ठेवून पंप चालवायचे अधिकार तेवढे काढून घेता आले असते. दोन मिनिटांचं काम. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले.

इकडे आपांना चाळिसाव्यासाठी आगांचा एखादा चांगला फोटो हवा होता. आगांचा फोन उघडेना, म्हणून त्यांनी तो बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे तीन दिवस ठेवला. आगा घरूनही पंप सांभाळायचे, त्यामुळे पासवर्ड त्या फोनमध्येच होता, आणि खात्रीसाठी येणारा कोडही त्याच फोनवर यायचा. दुकानातून ते कुणाच्या हाती गेलं, पोलिसांना अजून कळलेलं नाही.

एकोणतिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता नियंत्रण कक्षात आगांच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. 'तोलेगेन: कामावर.' बायान त्यांच्या शेजारच्या खुर्चीत वीस वर्षं बसलेली. ती उठून उभीच राहिली. तिने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, प्रार्थना पुटपुटली आणि मग स्वतःचीच समजूत घातली की राउशान काहीतरी करत असेल. मला फोन करायला तिला अकरा मिनिटं लागली. तोवर तीन पंप बंद पडले होते, बाकी सगळ्यांची खाती बाहेरून कुलूपबंद झाली होती आणि खंडणीचा मजकूर झळकत होता. माणसं पंपगृहाकडे पळाली, हातांनी पंप सुरू केले, पण नदीकाठच्या दोन वस्त्यांमधले नळ गोठून फुटले. तिथे दोन दिवस ऊब नव्हती. एका निवृत्त मास्तरांनी बंद खोलीत बादलीत कोळसे पेटवले. धुराने गुदमरून ते झोपेतच गेले.

चौकशी बसली. संचालक सेरिकबोल यांनी मला बोलावून घेतलं.

"समितीला एक नाव पाहिजे. तुझं देऊ?"

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुरुंगात जाशील. तुझ्या पोरीला कोण बघणार? लिही, की तोलेगेनने जिवंतपणीच पासवर्ड कुणाला तरी देऊन ठेवला होता. मेलेल्याला कोण आत टाकतंय?"

"तुम्हाला काम आगांनीच शिकवलं ना?"

"म्हणून तर सांगतो. तो काही राग धरणार नाही."

मी लिहिलं. सहीही केली. नियमाखाली करते तशीच, झोकदार. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराच्या फोनवर आगांचा फोटो फिरत होता आणि खाली नको नको ते लिहिलेलं.

चाळिसाव्याला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. तेव्हाही मी दिसण्याचाच विचार करत होते. आपांनी घोडी कापली होती. शंभर माणसांचं मांडलं होतं. परातीत मांस, तळलेल्या पिठाच्या बाउरसाकांचे ढीग, ओळीने मांडलेल्या वाट्या. आले होते मुल्ला, आगांचे दोन भाऊ आणि मी. कंपनीतलं कुणीच नाही. बायानसुद्धा नाही. ज्या शहराला त्यांनी तीस हिवाळे ऊब दिली, त्या शहरातलं कुणी त्यांच्या नावाचा घास घ्यायला तयार नव्हतं.

आपांनी मला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागी बसवलं. मला ते सहन होईना.

"आपा, आगांनी कुणाला काही दिलं नव्हतं. खातं मी उघडं ठेवलं. कागदावर खोटं लिहिलं तेही मीच."

भावांचे हात थांबले. मुल्ला खाली बघू लागले.

"मीच तुला ठेव म्हटलं होतं," आपा म्हणाल्या.

"मागणं तुमचं होतं. बंद करणं माझं काम होतं."

त्यांनी माझी वाटी चहाने भरली. ओरडल्या असत्या, मला हाकललं असतं, तर बरं झालं असतं.

"फोन मी दुकानात दिला. खातं तू ठेवलंस. आणि नाव गेलं त्याचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी परातीतला सगळ्यात चांगला तुकडा उचलून माझ्यासमोर ठेवला. "उद्या समितीत जाऊन सांग, नाहीतर सांगू नकोस. ते तुझं तू बघ. आत्ता जेव. एवढं शिजवलंय, त्याच्या नावाने कुणीतरी जेवायला पाहिजे."

आणि मी जेवले. त्या वाढत होत्या तोवर जेवत राहिले.