टेस्टवरचं बटण

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे. नाव लंबूनं ठेवलेलं. लंबू प्रोग्राम लिहायचा आणि ती त्यातल्या चुका, म्हणजे बग, काढायची, त्यामुळे नाव प्रेमानं ठेवलं होतं की रागानं, ते त्याचं त्यालाच माहीत. पण तिच्या हातून खडा निसटत नाही, हे सगळी टीम मानायची. तिलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला.

काम होतं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. गळ्यात अडकवायचं एक बटण. पडलात, छातीत दुखलं, की दाबायचं. बटणातून आवाज येतो, "मदत निघाली आहे, घाबरू नका," आणि तिकडे मदत केंद्रात घंटा वाजून माणूस निघतो. हे झालं लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकांचं. चाचणीसाठी वेगळा टेस्ट सर्व्हर होता. तिथे सगळं हुबेहूब, फक्त घंटा कुठेच वाजायची नाही. बटणातून येणारा आवाजसुद्धा तिथे तिचाच होता. खरं रेकॉर्डिंग येईपर्यंत वेळ मारून न्यायला तिनं फोनवर बोलून भरलेला. अलार्म आला की टीमच्या ग्रुपवर नुसता मेसेज पडायचा. ते मेसेज इतके यायचे, की सगळ्यांनी ग्रुप म्यूट करून टाकला होता. तिनं तर सगळ्यांच्या आधी.

रोज सकाळी स्टँड-अप. खुर्ची मिळाली की लोक पाल्हाळ लावतात, म्हणून मीटिंग उभ्यानं. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच बोलायचं आणि कामाला लागायचं. टीमचं काम मार्गी लावणारा स्क्रम मास्टर, ज्याला सगळे नुसतं मास्तर म्हणत, कामांच्या बोर्डासमोर उभा राहून एकेकाला बोलतं करायचा. त्या दिवशी लंबूची पाळी आली तेव्हा त्यानं आधी जांभई दिली.

"काम कसलं डोंबलाचं, चाळणीबाईंची रात्रपाळी निस्तरतोय. बाई, तुमची ती टेस्ट आवरा. पहाटेपासून तुमच्या नावाचं एकच बटण टेस्टवर बोंबलतंय. शेवटी अलार्म आला की आपोआप बंद होईल, अशी सोय करून टाकली मी."

सगळे हसले. तीही हसली. घरी जाताना ती आपली तपासणी लावूनच जायची. रात्रभर संगणक खोटी बटणं दाबत बसायचा आणि सकाळी काय हिरवं, काय लाल ते सांगायचा. अडकली असेल एखादी.

"करते बंद," ती म्हणाली. "रडू नकोस."

"आणि एक बग घे, फुकटात. त्या बटणाची बॅटरी उतरत चाललीय."

तिचं हसू ओठांवरच थिजलं. खोट्या बटणाची बॅटरी उतरत नाही. ती कायम भरलेली असते, तिनंच तसं लिहिलं होतं. उतरते ती खऱ्या बटणाची. टेस्टवर तिच्या नावाचं खरं बटण एकच होतं, आणि ते तिच्या बाबांच्या गळ्यात होतं.

आई गेली आणि बाबा एकटे पडले, तेव्हा ऑफिसातलं चाचणीचं एक बटण तिनं त्यांच्या गळ्यात घातलं होतं. सवय होऊ दे, मग लाइव्हवर घेऊ, असा हिशेब. त्या कामाचं रीतसर टिकेट, म्हणजे नोंदीची चिठ्ठी, बोर्डावर होतं. दर स्प्रिंटला, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांचं काम ठरवताना, मास्तर विचारायचा, "हे घ्यायचं का?" आणि तीच म्हणायची, "राहू दे, घरचंच आहे. गिऱ्हाइकाचं आधी." टिकेट सरकत सरकत बोर्डाच्या तळाशी जाऊन बसलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

तिनं उभ्या-उभ्याच फोन लावला. बाबांचा फोन वाजत राहिला आणि थांबला.

"ते माझे बाबा आहेत," ती लंबूला म्हणाली.

लंबूचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बंद करत होतो," तो पुटपुटला, "मी हातानं बंद करत होतो गं." मास्तरनं अॅम्ब्युलन्सला फोन लावून तिला पत्ता विचारला. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्या घराचा पत्ता तिला आठवेना. शेवटी मास्तरनं तिच्या हातातला फोन घेऊन त्यातून तो शोधला.

टॅक्सीत एकच गोष्ट तिचं डोकं पोखरत होती. शेजारच्या काकांची आणि बाबांची भिंत एकच. हाक मारली असती तर काका धावत आले असते. मग मारली का नाही? मारता आली नसेल. त्यापुढचा विचार तिनं होऊ दिला नाही, आणि तो तेवढाच येत राहिला.

तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. बाबा बाथरूमच्या उंबऱ्यात पडले होते. एक पाय भलतीकडेच वळलेला, ओठ सुकलेले. डोळे उघडे होते, आणि ते तिच्याकडे वळले.

"आलीस," ते म्हणाले. "गाडी मिळेना का लवकर?"

ती फरशीवर बसली. त्यांचा हात गार पडला होता. "बाबा, काकांना हाक का नाही मारलीत?"

"त्यांची झोप कशाला मोडायची? तू निघालीच होतीस ना." बोलताना त्यांना धाप लागत होती, पण तक्रारीचा सूर नव्हता. "कळ आली की दाबायचो. दर वेळी तू सांगायचीस, घाबरू नका. मग पडून राहायचो निवांत. माझी लेक सांगतेय म्हटल्यावर आरडाओरडा कशाला करायचा?"

तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून चोळला.

अॅम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी पाय बांधला आणि बाबांना अलगद स्ट्रेचरवर घेतलं. छातीवरून पट्टा आवळताना तो बटणावर दाबला गेला.

"मदत निघाली आहे," तिचाच आवाज म्हणाला, स्वच्छ आणि धीराचा. "घाबरू नका."

"बघ," बाबा त्या माणसाला कौतुकानं म्हणाले. "पहाटेपासून अशीच सांगतेय."

ग्रुप म्यूट असलेला तिचा फोन पर्समध्ये मुकाट पडून होता.