टॅमरॅक स्ट्रीटच्या फेऱ्या

आमच्या गावात प्रत्येकाला वाटतं की जगातला सगळ्यात धोकादायक कोपरा आपल्याच घरासमोर आहे. स्कूल बस चालवणं सोडल्यापासून मी नगरपालिकेच्या वाहतूक समितीवर आहे, म्हणून हे मला पक्कं ठाऊक. महिन्यातून एकदा आम्ही बसतो, सुकलेले डोनट खातो आणि अर्ज ऐकतो. कुणाला कोपऱ्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवणारी स्टॉपची पाटी हवी असते, कुणाला पार्किंगचं परमिट, म्हणजे परक्यांनी आपल्या गल्लीत गाडी लावायची नाही. बहुतेकांना आम्ही नाही म्हणतो. मग ते दुकानात भेटले की दुधाच्या बाटल्यांकडे बघत निघून जातात.

त्या मंगळवारी अर्ज टॅमरॅक स्ट्रीटचा होता, आणि तिथे माझी धाकटी बहीण डॉरीन राहते. नात्यातलं प्रकरण, म्हणून नियमाप्रमाणे मी टेबलावरून उठून भिंतीपाशी बसले. मत द्यायचं नाही, बोलायचंही नाही. मला गप्प बसवणं म्हणजे काय, ते माझ्या बसमधल्या कुठल्याही पोराला विचारा.

त्यांना पाटीही हवी होती आणि परमिटही. गल्लीच्या टोकाला कॉलेज आहे. पोरं सकाळी येतात, मिळेल तिथे गाड्या लावतात आणि दिवसभर हलत नाहीत. बाकीच्यांना हा नुसता डोक्याला ताप, पण डॉरीनचं घर त्यावर अडलं होतं. तिचा नवरा वेंडल गेल्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्यातून उठला. काठी घेऊन दारापासून गाडीपर्यंत येतो, त्यापुढे पाय साथ देत नाही. जागा जाऊ नये म्हणून डॉरीन गाडी दारातच ठेवायची आणि शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला चालत जायची. दुपारी धावत येऊन त्याला व्यायामाला न्यायची. परत येईपर्यंत जागा गेलेली असायची. मग तो पलीकडच्या गल्लीतून भिंती धरत धरत घरी यायचा. हे असंच चालणार असेल तर घर विकून हायवेजवळ फ्लॅट घ्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मला फोनवर सांगताना ती रडली, आणि डॉरीन सहसा रडत नाही.

खरं तर वसंतातच डॉक्टरांनी वेंडलला तपासून गाडी चालवायची परवानगी दिली होती. पण ज्या माणसानं उभा जन्म ब्रेडचा ट्रक हाकला, तो आता स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हता. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणायचा. डॉरीनही मऊ आवाजात म्हणायची, "बरं, घाई नाही." आजाऱ्याशी बोलतात तसं ती वर्षभर त्याच्याशी बोलत होती.

अर्ज आला की आधी रहदारी मोजतात. रस्त्यावर आडव्या काळ्या रबरी नळ्या टाकतात, वरून चाक गेलं की नोंद होते. आमचे इंजिनियर मिस्टर ऑस्टर त्या नळ्यांचे आकडे घेऊन उभे राहिले.

"मलाही आश्चर्य वाटलं," ते म्हणाले. "इतक्या गाड्या जात असतील तर ही गल्ली राहिलीच नाही, मुख्य रस्ता झाला. मुख्य रस्त्याला परमिट देता येत नाही. उलट एका बाजूचं पार्किंग बंद करावं लागेल. बहुधा उत्तरेकडचं."

उत्तरेकडे डॉरीनचं घर. तिचा चेहरा पांढरा पडला.

मी त्या गल्लीत इतकी वर्षं जातेय. तिथे कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात. इतक्या गाड्या कुठून येणार? मी कोपऱ्यावरच्या घरातल्या मर्नाकडे पाहिलं, तर ती छताकडे बघत होती. तिच्या शेजारचे दोघं आपापल्या बुटांकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. ह्या शहाण्यांनी स्वतःच नळ्यांवरून फेऱ्या मारल्या होत्या! आणि मला तोंड उघडायची बंदी.

"मत घ्यायचं का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"जरा थांबा," मागून आवाज आला. वेंडल काठीवर रेलून उभा होता. "त्या गाड्या खऱ्या नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यातली बरीचशी एकच गाडी आहे. आमची. मीच गोल गोल फिरत होतो."

सगळे हसले, फक्त डॉरीन सोडून. "गाडी कोण चालवत होतं?" तिनं विचारलं.

"मी."

"चालवत कोण होतं म्हणते मी!"

"मीच गं. मर्ना म्हणाली, जितक्या जास्त गाड्या तितकी पाटी लवकर. सगळे फेऱ्या मारत होते. मला वाटलं, निदान कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन बघावं." तो डॉरीनकडे वळला. "मग मला थांबवेचना, डॉरीन. रोज तू गेलीस की मी निघायचो. जागा जाऊ नये म्हणून मर्ना तिथे कचऱ्याचे डबे ठेवायची."

मर्नाचा हात हळूच वर गेला. मग शेजारच्या दोघांचा. मग आणखी कुणाकुणाचा. मिस्टर ऑस्टरनी चष्मा काढून डोळे चोळले. "पुन्हा मोजू," ते म्हणाले. "आणि या वेळी कधी मोजणार ते सांगणार नाही."

पुढचं सांगून टाकते. दुसऱ्या मोजणीत टॅमरॅक स्ट्रीट पुन्हा कुत्र्यांची गल्ली निघाली. पाटी नामंजूर झाली, परमिट मंजूर झालं, घर विकायचा विषय संपला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण माझा जीव त्याआधीच, त्या संध्याकाळी घरी जाताना भांड्यात पडला होता.

वेंडलनं डॉरीनपुढे हात केला आणि तिनं किल्ली दिली. मी मागे बसले. गाडी पार्किंगमधून बाहेर पडली. मग तिचा तोल सुटला.

"मी दुपारची धापा टाकत येते, आणि तू गावभर उंडारतोस? आणि वर पुढच्या आठवड्यात बघू म्हणतोस? लाज नाही वाटत? अरे, ती सायकल बघ! ब्रेक मार ना मेल्या!"

"मारला की."

"काय मारला! ट्रक चालवायचास तेव्हाही असाच उशिरा मारायचास!"

"मग घे, तूच चालव."

"हात नाही लावणार मी. उद्यापासून मला शाळेत तू सोडायचं. आणायचंही तूच. आणि उशीर केलास तर बघ!"

वेंडल हसत होता. वर्षभरात कुणी त्याला असं खडसावलं नव्हतं. मला रडू आवरेना. त्यांना कळू नये म्हणून मी खिडकी खाली करून तोंड बाहेर काढलं.

"लॉर्ना, बंद कर ती," डॉरीन माझ्यावरही खेकसली. "वारा लागतोय त्याला!"