‘कळवतो’ म्हणजे काय

रत्नपालच्या आजाराला डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं, तेव्हा आमच्या शिरड शहापूरमध्ये ते नाव कुणालाच धड घेता येईना. गोळ्या लागू पडल्या, कानातले आवाज गेले. राहिली एकच तकलीफ: समोरच्याच्या मनात काय चाललंय, ते त्याला उमगत नसे. एकदा शेजारीण हसली, तर ती आपल्यालाच हसली असं धरून त्यानं दोन दिवस जेवण सोडलं. मग बहिणीनं, दीक्षानं, नियम घालून दिला. समजलं न्हाई तर मनानं ठरवायचं न्हाई, विचारायचं.

तिला बघायला वसमतहून पाहुणे यायचे ठरले, तेव्हा त्या दिवशी रत्नपालला दुसरीकडं पाठवा, असा सल्ला मी दिला. मी त्यांचा मामा. सल्ले माझ्याकडं कायम शिल्लक असतात. दीक्षा म्हणाली, भाऊ घरात दिसणार नसेल तर मीही दिसणार नाही. आजाराचंही तिनं फोनवर आधीच सांगून टाकलं होतं.

मुलगा विजयकुमार तिला आवडला, हे ती त्याच्याकडं अजिबात बघत नव्हती यावरून आम्हाला कळलं. पोहे झाले. मुलाची आई केशरबाई मात्र सारख्या रत्नपालकडं बघत होत्या. शेवटी त्या उठल्या, जय भीम केला आणि म्हणाल्या, “येतो मग. कळवतो.”

आमचे चेहरे पडले. ‘कळवतो’ म्हणजे नकार, हे आमच्याकडं लहान लेकरूही जाणतं. दीक्षाचे वडील भीमराज पाहुण्यांच्या चपला सरळ करायला लागले. दीक्षा ताटल्या उचलून आत निघाली.

रत्नपाल तेवढा दारात उभा. “कळवतो म्हंजी काय? मला समजलं न्हाई.”

मी त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली. “काय कळवणार? कवा?”

केशरबाईंनी पदर सावरला. “आता काय सांगावं, बाबा. पोरगी पसंत हाय. पर बसल्या जागी व्हय म्हणलं, तर पोरात खोट असंल म्हणतेत लोक. म्हणून चार दिस थांबणार होतो.”

“मग माझ्याकडं काहून बघत होत्या?”

“तू पोह्यातले शेंगदाणे येचून बाजूला ठेवून राहिला होतास. आमच्या विजयकुमारचं बराबर असंच हाय.”

“गंमत न्हाई ना?”

“न्हाई रे लेकरा.”

भीमराज हातात चपला घेऊन तसेच खाली बसले. आत दीक्षानं न विचारता चहाचं आधण ठेवलं. आणि ‘येतो’ म्हणून निघालेले पाहुणे, दिल्या शब्दाप्रमाणे, परत आत आले.