नमुन्याचा शर्ट

“शून्य म्हणजे अगदी वाईट, शंभर म्हणजे ठणठणीत. आज तुमच्या तब्येतीला किती मार्क द्याल, मावशी?” नर्सने पेन सरसावून विचारलं.

“कशाशी ताडून?”

मागे उभ्या असलेल्या लेकीने कपाळाला हात लावला. सकाळपासून ती आईला पढवत होती, तीस सांग, तिसाच्या वर जाऊ नकोस. हृदयाची झडप बदलायच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची यादी मोठी होती. रिपोर्ट आणि हा कागद, दोन्ही पाहून नाव वर जायचं नाहीतर खाली यायचं.

मावशींचा प्रश्न मात्र आगाऊपणाचा नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात माल तपासला होता. टेबलावर सील लावलेला नमुन्याचा शर्ट टांगलेला असे. प्रत्येक शर्ट त्याच्याशी ताडायचा, मग पास नाहीतर रिजेक्ट. एक टाका निसटलेला दिसला तरी या बाई माल परत पाठवायच्या. शिवणाऱ्या मुली पाठीमागे त्यांना ‘रिजेक्टबाई’ म्हणत. मावशींना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

“तुम्हाला जसं वाटतं तसं सांगा,” नर्स म्हणाली.

मावशी विचारात पडल्या. धडधाकट होत्या तेव्हाचा नमुना समोर धरला असता तर वीससुद्धा जास्त झाले असते. पण तो नमुना आता धड आठवतच नव्हता. आठवत होता तो मागचा महिना, आडवं होता येत नव्हतं तो. या आठवड्यात तीन उशांना टेकून का होईना, सलग चार तास डोळा लागला होता.

“सत्तर,” त्या म्हणाल्या.

“आई!”

“अगं, खोटं कसं सांगू? बरंच बरं आहे की.”

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि ते खूश झाले. “वा, मागच्या वेळच्या चाळीसवरून सत्तर! औषध लागू पडतंय. मग ऑपरेशनची घाई नको. सहा महिन्यांनी बघू.”

बाहेर बाकावर बसल्यावर लेकीचा बांध फुटला. “बारा पायऱ्या चढताना चार वेळा बसतेस तू. आंघोळ मी घालते, भरवते मी. त्याला सत्तर? सहा महिने तू...” पुढचं तिने गिळलं. मावशींना ते न बोलताच कळलं.

त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि त्यांची नजर तिच्या खांद्यावर अडकली. तिचा स्वेटर उलटा होता. शिवणी बाहेर, मानेमागे लेबल. आईचे कपडे, आईच्या गोळ्या, आईच्या फायली करता करता पोरीने स्वतःच्या अंगावर काय चढवलं ते बघितलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, तेव्हापासून तिचं असंच चाललं होतं. आणि ही बाब रिजेक्टबाईंच्या नजरेतून दुपारपर्यंत सुटली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“तुझे किती गं?”

“काय किती?”

“मार्क.”

लेक हसली. “मला कोण विचारतंय? मी कुठे आजारी आहे?”

मावशी उठल्या. “आलेच,” म्हणाल्या आणि एकट्याच निघाल्या. नर्सचं टेबल वीस पावलांवर होतं. दोनदा भिंत धरून थांबावं लागलं.

“बाई, माझं चुकलं. तीस लिहा. नाही, वीसच लिहा.”

जन्मात एक खोटा शिक्का मारला नव्हता. आत्ता टेबलापाशी त्या खोटं बोलायचं ठरवूनच आल्या होत्या, पण आकडा तोंडातून बाहेर पडला आणि त्यांना कळलं, हाच खरा आहे.

“मावशी, कागद वर गेला. आता नाही बदलत,” नर्स हसून म्हणाली. “लोक रडत येतात, तुम्ही बऱ्या होताय! सहा महिन्यांनी या.”

परत यायला जास्त वेळ लागला. लेक फायली पिशवीत भरत होती.

“स्वेटर उलटा घातलायस,” मावशी म्हणाल्या.

लेकीने मान वाकडी करून लेबल चाचपलं. “राहू दे गं. घरीच तर जायचंय.”

मावशींनी तिच्या खांद्यावरचा एक लोंबता दोरा बोटाला गुंडाळून तोडला. मग तिचा हात धरला आणि एकतीस वर्षांत कधी नव्हे तो माल तसाच जाऊ दिला.