‘जैसे थे’ ठेवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. नदीच्या पायऱ्यांशी गाळात अर्धी रुतून बसले आहे. मुले माझ्यात उड्या मारतात, मोठी माणसे माझ्या काठावर बसून चपला झटकतात. बोलायचाही आता शीण येतो. पण माझ्यापायी माणसे कोर्टाची पायरी चढली होती, हे कोणाला खरे वाटत नाही. म्हणून एकदा सांगून टाकते.

मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी घडवले. आधी कणा बसवला, मग बरगड्या, मग फळ्या. त्यांची नजर अधू होत चालली होती. फळीची कड ते डोळ्यांपेक्षा अंगठ्यानेच जास्त पाहत. “ही शेवटची,” असे ते बायकोला म्हणत, आणि ती म्हणे, “मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात.” पण या वेळी ते खरे होते.

मी दोन जावांसाठी घडत होते. थोरलीचा नवरा वारलेला, धाकटीचा दूर जहाजावर नोकरीला. घराण्याचा धंदा माणसे नदीपार करण्याचा. त्यांच्या जुन्या होडीचा तळ कुजला होता. त्यांच्या घाटाजवळ पाणी उथळ, म्हणून त्यांना रुंद आणि सपाट तळाचीच होडी हवी होती. तशी होडी करणारे त्या काठावर मिस्त्रींशिवाय कोणी उरले नव्हते. करार झाला, इसार दिला, नदीला पाणी चढायच्या आत मला द्यायचे ठरले.

धाकटी अधूनमधून मला पाहायला येई. पोटावर थाप मारून म्हणे, “चांगली बाळसं धरतेय.” थोरली दारातूनच पाही. कौतुक करणे तिच्या स्वभावात नव्हते, पण जाताना तीही एक हात फिरवून जाई.

मग एक हॉटेलवाला आला. नदीच्या वरच्या अंगाला त्याचे मोठे हॉटेल होते. पाहुण्यांना फिरवायला त्याला माझ्यासारखी होडी हवी होती. धाकटी माझ्याशेजारी उभी असतानाच तो आत आला होता, ‘ही आमची’ असे तिने त्याला सांगितलेही होते, म्हणजे मी कोणाची हे त्याला ठाऊक होते. ती गेल्यावर त्याने जास्त किंमत सांगितली. मिस्त्री हलले नाहीत. मग तो म्हणाला, “आयुष्यभर होड्या केल्यात. एकीवर तरी तुमचं नाव आहे का? मी पितळी अक्षरांत लावीन.”

तो गेल्यावर बराच वेळ मिस्त्री माझ्या पुढच्या टोकावर बोट फिरवत राहिले. बोट अक्षरे गिरवत होते.

मित्रांनो, माणूस नेहमी हावेनेच शब्द मोडतो असे नाही. कधी कधी कोणी आपली एवढीशी दखल घेतो, आणि तेवढ्यावर पाय घसरतो.

वाईट हे, की मिस्त्रींनी जावांना काहीच कळवले नाही. ठरल्या दिवशी दोघी खांद्यावर वल्ही घेऊन आल्या. मिस्त्रींच्या शेडला कुलूप होते. धाकटीने फटीतून पाहिले, तर मी आत होते, पण हॉटेलच्या निळ्या रंगात. मिस्त्रींची बायको बाहेर आली आणि मान खाली घालून म्हणाली, होडी दुसऱ्याला दिली, हा तुमचा इसार.

थोरलीने पैशांना हात लावला नाही. ती म्हणाली, “इसार परत घेतला, की मीही शब्द सोडल्यासारखं होईल. मी कशाला सोडू?”

दोघी वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंनी त्यांना नीट समजावले. समोरच्याने करार मोडला की कायद्यात वाटा असतात. एक, करार संपला असे मानून दिलेले परत घ्यायचे. दुसरी, झालेल्या तोट्याची भरपाई मागायची. बाजारात तशीच वस्तू मिळत असेल तर बहुतेक एवढ्यावरच भागते. पण वस्तू दुसरीकडे मिळण्यासारखी नसेल, तर तिसरी वाट, ठरले तेच करून द्या, असा हुकूम मागायचा. मात्र त्यासाठी आपण आपल्या बाजूने पहिल्यापासून तयार होतो, हे दाखवावे लागते.

“आम्हाला होडीच हवी,” थोरली म्हणाली.

दावा लागला. निकालाआधीच हॉटेलवाल्याने मला नेऊ नये, म्हणून कोर्टाने मनाई केली. वस्तू जैसे थे ठेवावी, कोणी हात लावू नये. शेडच्या दारावर कागद डकवला गेला.

हुकूम माझ्या भल्यासाठीच होता. पण लाकडाला जैसे थे राहता येत नाही. होडीला पाणी लागते. पाण्याने फळ्या फुगतात आणि एकमेकींना धरून राहतात. मी कोरड्यात पालथी पडून होते. पत्र्याच्या उन्हाने माझे अंग आकसले. आधी केसाएवढ्या फटी पडल्या, मग त्यांतून उजेड यायला लागला. ओली पोती टाकायची परवानगी वकीलबाईंनी मागितली, तर समोरच्या वकिलाने हरकत घेतली, हात लावायचा नाही हाच तर हुकूम आहे. कधी वकील आजारी, कधी न्यायाधीश बदलले. तारखेमागून तारीख पडत गेली. परवानगी मिळाली तोवर व्हायचे ते झाले होते.

मग धाकटी येऊन माझ्यावर पोती भिजवू लागली. पाणी ओतता ओतता ती कोर्टातले सगळे सांगे. थोरली दिवसभर बाहेर असे, मग तिला घरी बोलायला दुसरे कोण होते?

होडी नाही म्हणजे चूल नाही. म्हणून थोरली चादरी धुण्याच्या कामाला लागली होती, तेही त्याच हॉटेलात. मालकाला आपल्या धोबीखान्यात कोण आहे याचा पत्ताच नव्हता. ते उघड झाले उलटतपासणीत. त्याच्या वकिलाला वाटले, आयते घबाड सापडले. त्याने विचारले, “तुम्ही दुसरी नोकरी धरलीत. मग होडी चालवायला तयार होतात, हे कसं म्हणता?”

थोरली म्हणाली, “साहेब, वाट बघतानाही पोट लागतंच.”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतले.

निकाल जावांच्या बाजूने लागला. न्यायाधीशांचे म्हणणे असे, की नुकसान झालेल्याने हातावर हात ठेवून बसू नये, जेवढा तोटा टाळता येईल तेवढा टाळावा, अशीच कायद्याची अपेक्षा असते. थोरलीने तेच केले. त्यामुळे तिचा हक्क जात नाही. इतके दिवस बुडालेल्या धंद्याची भरपाईही मिळेल, फक्त तिथे तिने जे कमावले, ते त्यातून वजा होईल. हॉटेलवाल्याला आधीचा करार ठाऊक होता, म्हणून त्याला माझ्यावर हक्क सांगता येणार नाही. आणि मिस्त्रींनी मला पाण्यात चालण्याजोगी करून जावांच्या हवाली करावे.

मिस्त्रींनी माझ्या फटींत सुताचे पीळ ठोकले, वर राळ भरली. धाकटी पीळ करून देत होती. मग मला उथळ पाण्यात दगड भरून बुडवून ठेवले. हळूहळू फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. तळाची एक फळी मात्र सांधली नाही. ती चिरली होती. कोर्टाने मला परत मिळवून दिले, पण ती फळी कोणत्या हुकमाने जुळणार?

तरी मी पुष्कळ वर्षे राबले. शाळेची पोरे, बाळंतिणी, दुधाच्या किटल्या, एकदा तर एक रुसलेली नवरी, सगळ्यांना पार केले. लोक म्हणत, होडी मजबूत आहे, पण एकाने डबा घेऊन पाणी उपसत बसावे लागते. तो एक म्हणजे बहुतेक थोरलीच. वल्ह्याला धाकटी असे. चादरी पिळून पिळून थोरलीचे खांदे कामातून गेले होते.

एकदा मिस्त्री माझ्यात चढले. त्यांना पैलतीरी डोळे दाखवायला जायचे होते. मधोमध आल्यावर त्यांच्या पायाला पाणी लागले. ते चाचपडत खाली वाकले, थोरलीच्या हातातून डबा घेतला आणि स्वतःच उपसू लागले.

थोरली म्हणाली, “मिस्त्री, तेव्हाच येऊन सांगितलं असतंत, तर आम्ही दुसरा काही मार्ग काढला असता.”

“धीर झाला नाही,” मिस्त्री म्हणाले. काठ येईपर्यंत त्यांनी डबा खाली ठेवला नाही.

पुढे जवळ पूल झाला. माणसे कमी झाली. मला एकदा काठाशी बांधले ते बांधलेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही, काम सरले की असेच होते.

मित्रांनो, थकल्या जिवाचे एवढेच मागणे आहे. दिलेला शब्द पाळा. नाहीच पाळता आला, तर ज्याला दिला त्याच्या दारी लवकरात लवकर जा आणि तोंडावर सांगा. तो रागावेल, दोन शब्द बोलेल, इसार परत मागेल. ऐकून घ्या. कुलूप लावून आत बसू नका, कारण बाहेर कोणीतरी खांद्यावर वल्ही घेऊन उभे असते.