दुधाच्या कॅनमधला दात

एडक्याच्या खुरातला काटा काढताना आपलं तोंड त्याच्या कपाळापासून लांब ठेवावं, एवढी अक्कल आमच्या शेजारच्या मेंढपाळाला तीस वर्षांत आली नाही. एडक्यानं मान उडवली आणि शेजाऱ्याचा वरचा, अगदी समोरचा दात मुळासकट अंगणात जाऊन पडला.

दुसऱ्या कुणाचा पडला असता तर मी पोटभर हसून घेतलं असतं. पण या माणसाची शीळ त्या दातावर चालायची. एक शीळ घातली की माळावरच्या सव्वाशे मेंढ्या माना वर करून घराकडे निघायच्या. हाक मारायची तर त्याचा आवाज चार पावलांवर विरतो. मला खरंच वाईट वाटलं.

त्याच्या बायकोनं मातीनं माखलेला दात उचलला आणि सवयीनं राखेची चिमूट घेतली.

"वहिनी, घासू नका!" पलीकडच्या नर्सबाई ओल्या हातानं धावत आल्या. "मुळाला बोट लावायचं नाही. वरच्या टोकाला धरा." त्यांनी दात पाण्यात नुसता बुचकळून काढला. "भाऊ, आ करा, जागेवरच बसवू."

भाऊंनी आ केला, पण दात हिरडीला टेकताच असे बोंबलले की एडका चार पावलं मागं सरला. बाईंनी नाद सोडला. भाऊंच्या तोंडात स्वच्छ फडक्याची घडी दाबून धरायला दिली आणि दात वाटीभर दुधात टाकला.

"तासाच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोचलं पाहिजे. टेम्पो काढा!" त्या माझ्यावरच खेकसल्या.

माझा टेम्पो ढकलल्याशिवाय चालू होत नाही. तेवढ्यात इकडे म्हातारीनं, म्हणजे मेंढपाळाच्या आईनं, आपलं काम केलं. भांड्यात उरलेलं दूध तिला बघवत नाही. दारात डेअरीची गाडी हॉर्न वाजवत होती. तिनं वाटी कॅनमध्ये रिकामी केली, कॅन गाडीत दिला, वाटी विसळून पालथी घातली.

"आई, इथली वाटी कुठंय?" सुनेनं विचारलं.

"धुतली."

"अहो, त्यात ह्यांचा दात होता!"

"मग सांगायचं नाही का? दुधात दात ठेवायची जागा असते होय?"

आम्ही डेअरीकडे टेम्पो पिटाळला. तिथला कारकून आमचाच कॅन गाळणीवर ओतत होता. शेजारी हातवारे करत त्याच्या अंगावर धावला.

"भाऊ, तोंडात बोळा कशाला? संपबिंप आहे का?"

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. कारकुनानं गाळणी उचलली, डोळ्यांजवळ नेली.

"पाणी घातलेलं दूध रोज बघतो मी," तो म्हणाला. "दात घातलेलं आज पहिल्यांदाच."

वहिनींनी दात वरच्या टोकाला धरून उचलला आणि कारकुनाच्या चहाच्या कपात ताजं दूध घेऊन त्यात सोडला. तो कपासाठी ओरडत राहिला. आमचा कॅन त्यानं परत केला, ते वेगळंच.

डॉक्टरकडे पोचलो तेव्हा तासाला सहा मिनिटं बाकी होती. त्यांनी दात बसवला, बारीक तारेनं शेजारच्या दातांना जखडला आणि बजावलं, "दोन आठवडे मऊ खायचं. शीळ अजिबात नाही."

"मग मेंढ्या?" शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी बघते की," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज दोन शेतं सहज ओलांडतो.

तार निघाली त्या संध्याकाळी आम्ही सगळे माळाच्या कडेला जमलो. शेजाऱ्यानं शीळ घातली. काय शीळ होती! पूर्वीपेक्षा खणखणीत, माझ्या अंगावर काटाच आला. मेंढ्या चरत राहिल्या. त्यानं पुन्हा घातली. एका कोकरानं मान वर केली, त्याला नीट न्याहाळलं आणि परत गवतात तोंड घातलं.

इतक्यात घराच्या दारातून वहिनींची हाक आली, "चला गं बायांनो, किती चराल!"

सव्वाशेच्या सव्वाशे मेंढ्या वळल्या. शेजारी बोटानं दात चाचपत माझ्याकडे बघत राहिला.

"अहो, तुम्हाला काय वेगळं बोलवायचं?" दुसरी हाक आली.

तो मुकाट्यानं कळपामागून चालायला लागला.