साडेपाचशे की साडेसातशे

डबलरावांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला आणि उभ्या जन्मात एकाही लिफ्टवर विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या बिल्डिंगमध्ये ते चौथा मजला जिन्याने चढायचे. का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "ही मी नाही बसवलेली." खरं नाव होतं ते पगाराच्या कागदावर राहिलं, बाकी सगळीकडे डबलरावच, कारण कुठलंही काम दोनदा केल्याशिवाय ते झालं असं हा माणूस मानतच नसे. कुलूप लावून अर्ध्या जिन्यातून परत यायचं आणि ओढून बघायचं, हे रोजचं. अशा माणसाने निवृत्तीनंतर घरच्या घरी सर्व्हर बांधायला घेतला आणि सुटे भाग निवडण्यातच त्याचे अकरा महिने गेले, यात नवल ते काय!

सर्व्हर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. घरातले सगळे व्हिडिओ एका पेटीत ठेवायचे आणि टीव्हीवर हवा तो, हवा तेव्हा लावायचा. निमित्त झालं ते जुन्या हार्ड डिस्कचं. साबणाच्या वडीएवढी ती डिस्क लॅपटॉपला लावली की टक टक करायला लागली होती. डबलरावांनी पेचकसाचं टोक तिच्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. लिफ्टच्या मोटारींची दुखणी ते अशीच ओळखायचे. "बेअरिंग जातंय," ते म्हणाले. "हिला आता विश्रांती. कुणी हात लावायचा नाही."

डिस्कमध्ये दोनशे बारा व्हिडिओ होते. त्यातल्या दोनशे अकरांची खरं सांगायचं तर कुणाला फारशी पडलेली नव्हती. उरलेला एक लेकीच्या लग्नातला, जेमतेम चार मिनिटांचा. त्यात दादा होते.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. घरातल्या प्रत्येक कार्यात कॅमेरा त्यांच्याच हातात, त्यामुळे सगळ्यांचे ढीगभर फोटो आणि दादांचा एक नाही. लेकीच्या लग्नात पैसे देऊन फोटोग्राफर आणि व्हिडिओवाला आणला, म्हणून काय ते पहिल्यांदा समोर आले. चार मिनिटं दादा खुर्चीत बसून शीळ घालत असतात आणि तो फोटोग्राफर घरच्या मंडळींना इकडून तिकडे नाचवत असतो. तुम्ही मागे या, नको, पुढे बसा, नको, उभेच राहा. शेवटी दादा शीळ थांबवून ओरडतात, "अरे, ठरव एकदाचं!" आणि असे हसतात की खुर्ची डुगडुगते. गेल्या वर्षी दादा गेले. आवाज राहिला तो एवढाच.

आणि तो वहिनींकडे नव्हता. दादांच्या मागे वहिनी पहिल्यांदाच आठ दिवस राहायला येणार होत्या. कधी येईन ते कळवते, म्हणाल्या होत्या. त्यांना मोठ्या टीव्हीसमोर बसवायचं आणि दादा दाखवायचे, एवढी एकच गोष्ट बायकोला हवी होती. डबलराव कॉम्प्युटरच्या दुकानातून आले की ती भागांबद्दल अवाक्षर काढायची नाही. एवढंच विचारायची, "यात दादा दिसणार ना?"

"दिसणार म्हणजे? नुसते दिसणार नाहीत, पन्नास वर्षं दिसणार!" डबलराव सांगायचे आणि पुन्हा दुकानात जायचे.

त्या दुकानदारीणबाईंची मात्र मला खरोखर दया येते. चष्मा कपाळावर, बोटं सदा कीबोर्डवर, स्वभावाने गोड. पहिल्या दिवशी तिने भोळेपणाने विचारलं, "काका, बजेट किती?" डबलराव म्हणाले, "आधी सांगा, हा पंखा बंद पडला तर काय होतं?" तिथून जे चऱ्हाट सुरू झालं ते अकरा महिने संपलं नाही. दुकानातला एकूण एक पंखा त्यांनी चालू करायला लावून पेचकसाने ऐकला. एकाला दमा आहे म्हणाले, एकाला घाई आहे म्हणाले. मदरबोर्डचे स्क्रू मोजले. कॅबिनेट म्हणून जे पसंत केलं ते एवढं दांडगं होतं की बायकोला वाटलं, नवा फ्रिज आला. प्रोसेसरपाशी तर तीन आठवडे घोडं अडलं. दुकानदारीण सांगत होती, "काका, नुसते व्हिडिओच बघायचेत ना? सगळ्यात साधा घ्या." आणि डबलराव सांगत होते, "लिफ्टवर चार माणसं लिहिलेली असतात, पण आम्ही दोर दहा माणसांचा टाकतो."

लेक दुसऱ्या गावी. तिला यातलं सगळं कळायचं, आणि म्हणूनच तिचं कुणी ऐकत नव्हतं.

"बाबा, आधी त्या डिस्कची एक साधी कॉपी काढून ठेवा," ती फोनवर म्हणाली. "पेनड्राइव्हवर, दहा मिनिटांचं काम. मग काय ती पेटी बांधत बसा."

"तात्पुरतं?"

"हो, तात्पुरतं."

"आमच्यात तात्पुरता दोर नसतो," डबलराव म्हणाले. "टांगायचं ते कायमचं. मी दोन डिस्का घेतोय, जोडीने चालणाऱ्या. एकीवर जाईल ते आपोआप दुसरीवर. एक तुटली तरी दुसरी आहेच."

"पण एकीवर चुकीचं गेलं तर दुसरीवरही तेच चुकीचं जातं, बाबा."

"चुकीचं जाईल कसं? मी दोनदा बघणार आहे."

लेकीने फोन ठेवला.

सगळ्यात मोठी लढाई झाली ती पॉवर सप्लायची, म्हणजे पेटीला वीज पुरवणाऱ्या डब्याची. लेकीच्या मते तीनशे वॅट पुष्कळ होते. डबलरावांच्या मते प्रश्न एवढाच होता, साडेपाचशे की साडेसातशे? जेवणं झाली की ते रोज दुकानदारणीला फोन लावायचे आणि बाहेरच्या खोलीत येरझारा घालायचे. एका दुपारी बायको जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बाजूला ती टक टक करणारी डिस्क. डबलरावांनी फोनवर बोलता बोलताच डोळे वटारले. तिने ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. विश्रांतीतल्या डिस्कला हात लावायचा आणि वर मलाच गप्प बसवायचं! पण पलीकडे दुकानदारीण काहीतरी महत्त्वाचं सांगत होती, म्हणून त्यांनी भांडण पुढे ढकललं आणि आवाज थोडा खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो, ही गोष्ट वेगळी.

मग एके दिवशी वहिनींचा फोन आला. रविवारी येते.

रविवारी! आणि आज बुधवार. डबलरावांची जी तारांबळ उडाली ती काय सांगावी. गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर उभे. पॉवर सप्लाय साडेसातशेचा घेतला आणि हाताशी असावा म्हणून साडेपाचशेचाही घेतला. निर्णय निर्णय म्हणतात तो असा. दुकानदारणीने सगळं सामान खोक्यांत भरलं, दारापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "काका, आता परत येऊ नका हं." नंतर जीभ चावली. डबलरावांना मात्र ते आपल्या निवडीचं कौतुकच वाटलं.

पेटी मात्र त्यांनी झकास बांधली, हे कबूल केलंच पाहिजे. एकेक तार सरळ, बांधलेली, खुणेची चिठ्ठी लावलेली. शनिवारी सकाळी त्यांनी जुनी डिस्क जोडली आणि सगळं नव्या जोडीवर उतरवायला सुरुवात केली. डिस्क टकटकत, कण्हत, मध्ये मध्ये दम खात दुपारपर्यंत चालली. मग तपासणी. जुन्यावर दोनशे बारा, नव्यावर दोनशे बारा. पुन्हा मोजले, दोनशे बारा. लिफ्ट बसवल्यावर ते ती आधी सगळ्यात वर न्यायचे, मग तळाला आणायचे, पुन्हा वर, पुन्हा तळाला. तसाच त्यांनी यादीतला पहिला व्हिडिओ लावला, मग शेवटचा, पुन्हा पहिला, पुन्हा शेवटचा. चारही वेळा चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. उत्तम!

आणि मग त्यांनी जे केलं ते जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. लिफ्टच्या धंद्यात एक नियम आहे. नवा दोर चढला की जुना त्याच दिवशी कापायचा. तसाच ठेवला तर कुणीतरी चिकट मालक तो दुसरीकडे टांगतो आणि माणसं खाली येतात. हा नियम डबलरावांनी चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. ते ड्रिल मशीन घेऊन बाल्कनीत गेले आणि जुन्या डिस्कला त्यांनी आरपार तीन भोकं पाडली. दोन पुरली असती, पण मनात आलं, असू दे.

रविवारी दुपारी वहिनी आल्या. पूर्वीपेक्षा वाळल्या होत्या, बोलायच्याही कमी. जेवणं झाली. बायकोने त्यांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. "काय एवढं?" वहिनी म्हणाल्या. "बघा तर," बायको म्हणाली. वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

डबलरावांनी रिमोटने यादी उघडली. पेटी गुणगुणत होती, एकाही पंख्याला दमा नव्हता. वरून एकशे चौदावा व्हिडिओ. त्यांनी बटण दाबलं.

पडदा काळा. त्यावर एक ओळ, ही फाइल चालवता येत नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. दुसऱ्या डिस्कवर जाऊन बघितलं. तिथेही तेच. फाइलचं नाव जागच्या जागी होतं आणि आत शून्य. जुन्या डिस्कला नेमका तोच तुकडा वाचता आला नव्हता. तिने नाव तेवढं पुढे केलं होतं आणि नव्या जोडीने ते शून्य इमानेइतबारे दोन्हीकडे लिहून घेतलं होतं. वरचा मजला तपासला, तळमजला तपासला, आणि दादा होते मधल्या मजल्यावर. डबलरावांची नजर बाल्कनीकडे गेली. तीन भोकांची ती वडी अजून कठड्यावरच होती.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

ते वहिनींसमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, दादांचा व्हिडिओ होता," ते म्हणाले. "एकच होता. तो माझ्या हातून गेला. मी जुनी डिस्क फोडली आणि नवीवर तो आलाच नाही." मग बायकोकडे बघून म्हणाले, "तू अकरा महिने एकच विचारत होतीस." त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या त्या दांडग्या पेटीला लाथ घालावीशी वाटली.

वहिनींनी पाठीची उशी सरळ केली. "असू द्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "नशिबात नव्हतं." पण आवाज असू द्यासारखा नव्हता.

बायको उठली आणि आत गेली. रडायला गेली, डबलरावांना वाटलं, आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. ती परत आली तेव्हा डोळ्यांवर वाचायचा चष्मा होता आणि हातात मोबाइल.

"हे तुमच्या पेटीतून टीव्हीवर लावता येतं का?" तिने विचारलं.

"काय आहे?"

"लॅपटॉपवर दादा लावला होता ना मी त्या दुपारी, तेव्हा मोबाइलवर काढून ठेवलंय. मिठाच्या बरणीला टेकवून. जरा तिरकं आलंय."

डबलरावांनी विचारलं, "अगं, पण का?"

"तुमचं ठरेपर्यंत ती डिस्क थांबेल असं मला वाटलं नाही," बायको म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, आणि डबलरावांना ते दोन कानाखाली बसल्यापेक्षा जास्त लागलं.

ते टीव्हीवर आलं. आधी बरणीचा काठ, मग तिरका लॅपटॉप, आणि लॅपटॉपात, थोडे धुरकट, खुर्चीत बसलेले दादा. शीळ सुरू झाली. वहिनींनी तोंडावर हात धरला. आणि शिळेच्या वरताण, घरभर घुमत, डबलरावांचा आवाज आला.

"नाही हो, साडेपाचशेवर माझा भरवसा नाही. साडेसातशेला आवाज फार. मग? साडेपाचशेच घेऊ म्हणता? पण उद्या लोड वाढला तर? नाही, मी विचारतोय, साडेपाचशे की साडेसातशे?"

दादांची शीळ थांबली.

"अरे, ठरव एकदाचं!" दादा ओरडले आणि खुर्ची डुगडुगेपर्यंत हसले.

वहिनी जे हसत सुटल्या! चष्मा मांडीवर पडला, उशी खाली गेली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. डबलराव कानापर्यंत लाल झाले होते आणि तेही हसत होते. "पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या. पुन्हा लावलं. पुन्हा डबलरावांनी विचारलं आणि पुन्हा दादांनी झापलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. सगळी हकिगत ऐकून तिने आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "आई, पाठव मला ते. बाबांचा आवाज काढून टाकता येतो हल्ली. नुसता मामा राहील."

"नको गं," वहिनी फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. "काढू नको. भावोजींचा आवाज आहे ना, म्हणून हे कुणाशी तरी बोलतायत असं वाटतं."

वहिनी जायच्या दिवशी डबलरावांनी त्यांना एक पेनड्राइव्ह दिला. मग थांबले, खिसा चाचपला आणि दुसराही दिला. दोन्ही त्यांनी आदल्या दिवशी तपासले होते. या वेळी नुसती सुरुवात आणि शेवट बघितला नव्हता. दोन्ही वेळा टीव्हीसमोर बसून चारही मिनिटं ऐकली होती आणि दोन्ही वेळा दादांची बोलणी खाल्ली होती.